पुसून टाकलेला हंगाम

श्रोतेहो, नमस्कार.

करोना महामारीमुळे 26 मार्च 2020 रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने एक निर्णय जाहीर केला आणि त्याआधीच्या ऑगस्टपासून खालच्या विभागांत खेळले गेलेले शेकडो सामने जणू कधी झालेच नव्हते, असे ठरले. कोणी विजेता नाही, कोणाला बढती नाही, कोणाची घसरणही नाही. ज्या लीगना हा निर्णय लागू झाला त्यांत ईशान्य इंग्लंडमधील नॉर्दर्न लीगही होती. तिच्या त्या 2019-20च्या हंगामाविषयी मी आज बोलणार आहे.

ही लीग 1889 साली सुरू झाली, म्हणजे इंग्लंडच्या मूळ फुटबॉल लीगनंतर अवघ्या एका वर्षाने, आणि आज अस्तित्वात असलेल्या जगातील सर्वांत जुन्या फुटबॉल लीगमध्ये तिचा दुसरा क्रमांक लागतो. असे असूनही सर्वांत वरच्या प्रीमियर लीगपासून पायऱ्या मोजत खाली आलो, तर हिचा पहिला विभाग नवव्या पायरीवर आणि दुसरा दहाव्या पायरीवर सापडतो. दरहॅम परगण्यातील आणि आसपासच्या कोळसा खाणींच्या, पोलाद कारखान्यांच्या, जहाजबांधणीच्या गावांची ही लीग आहे. आपल्याकडे कोल्हापुरात पेठ आणि तालीम यांचे फुटबॉलशी जे नाते आहे, तेच तिथे खाण आणि क्लब यांचे होते. खाणी एकामागून एक बंद पडल्या; दरहॅम परगण्यातली शेवटची खाण 1993 साली मिटली. त्याच्या कितीतरी आधी, 1951च्या विकास आराखड्यात तिथल्या परगणा परिषदेने शंभराहून अधिक गावांवर यापुढे खर्च करायचा नाही, ती हळूहळू ओस पडू द्यायची, असे धोरणच ठरवले होते. अशा मुलखात दर शनिवारी गावाचे नाव सामन्यांच्या यादीत छापून येणे ही किरकोळ गोष्ट नव्हे.

या लीगच्या पूर्वजांचा पराक्रमही लहान नाही. वेस्ट ऑकलंड या खाणकामगारांच्या संघाने 1909 आणि 1911 साली इटलीतील तुरिन येथे जाऊन चहाचे व्यापारी सर थॉमस लिप्टन यांनी दिलेला चषक जिंकला, आणि दुसऱ्या वेळी अंतिम सामन्यात आज जगप्रसिद्ध असलेल्या युव्हेंटस क्लबला चक्क 6-1 असे हरवले. प्रवासखर्चाचे कर्ज मात्र एवढे झाले की चषक गावातील हॉटेलच्या मालकिणीकडे चाळीस पौंडांना गहाण ठेवावा लागला. सुमारे हजार फूट उंचीवरच्या टो लॉ गावात मसाल्याच्या कारखान्यात काम करत क्रिस वॉडल खेळत होता. त्याला 1980 साली न्यूकॅसल युनायटेडने हजार पौंडांत घेतले आणि पुढे तो इंग्लंडकडून विश्वचषक खेळला.

तरीही असा एखादा वॉडल वगळला, तर इथला हंगाम अनामिकांचाच असतो. खेळाडू दिवसभर नोकरी करतात आणि आठवड्यातील एखाद्या संध्याकाळी दिव्यांच्या प्रकाशात सामना खेळतात. मानधन फार तर पेट्रोलचा खर्च भागवील इतके. तिकीट, क्लबच्या बारमधील विक्री आणि मध्यंतरातली सोडत यांवर संघ चालतो. शंभर-दोनशे प्रेक्षक आले तर तो दिवस बरा गेला म्हणायचे. खरा प्रतिस्पर्धी हवामान असते. डिसेंबर-जानेवारीत मैदान गोठते, नाहीतर चिखलात बुडते. सकाळी पंच येऊन बूट रोवून पाहतात आणि मान हलवतात. पुढे ढकललेले सामने मग एप्रिलमध्ये एकावर एक येऊन आदळतात आणि दमलेल्या पायांनी आठवड्यात तीन-तीन सामने खेळणाऱ्या संघाचे भवितव्य तिथेच ठरते. गुणतक्ता पाहून फेब्रुवारीत अंदाज बांधणाऱ्यावर इथले जुने लोक हसतात, ते उगाच नाही.

2020 साली तो एप्रिल आलाच नाही. त्याच महामारीत थांबलेली प्रीमियर लीग जूनमध्ये रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली, कारण तिचे उत्पन्न दूरचित्रवाणीवरून येते. नवव्या पायरीवर कॅमेरा नसतो. प्रेक्षक बंद म्हणजे तिकीट बंद, बार बंद, सोडत बंद. त्यामुळे हंगाम थांबवणे अटळ होते, हे मला मान्य आहे. पण झालेले सामनेसुद्धा पुसून टाकण्याची गरज होती का? खेळलेल्या सामन्यांच्या सरासरीवरून क्रम लावण्याचा मार्ग मोकळा होता आणि त्याहून वरच्या काही विभागांत तो वापरलाही गेला. खालच्यांना मात्र पाटी कोरी करून हातात दिली गेली.

त्या हंगामातील एकच धागा तुटला नाही. एफए व्हाज ही याच पायऱ्यांवरील संघांची देशव्यापी बाद स्पर्धा आहे. तिच्यात त्या वर्षी कॉन्सेट आणि हेबर्न टाउन हे नॉर्दर्न लीगचेच दोन संघ अंतिम फेरीत पोहोचले. कॉन्सेट म्हणजे 1980 साली पोलाद कारखाना बंद झाल्यावर उद्ध्वस्त झालेले गाव आणि हेबर्न म्हणजे टाईन नदीकाठचे जुने जहाजबांधणीचे गाव. दोन्ही गावे एकमेकांपासून फार लांब नाहीत. अंतिम सामना लंडनच्या वेम्बली मैदानावर व्हायचा होता; सारे गाव घेऊन तिथे जायचे स्वप्न होते. प्रेक्षकांना प्रवेश मिळेल या आशेने सामना पुढे ढकलला गेला, पण आशा फळाला आली नाही. अखेर 3 मे 2021 रोजी, म्हणजे त्यापुढचा हंगामही अर्ध्यावर सोडून दिल्यानंतर, नव्वद हजार रिकाम्या खुर्च्यांसमोर तो खेळला गेला. हेबर्नने तो 3-2 असा जिंकला. दोन्ही गावांतल्या लोकांनी आपला वेम्बलीचा दिवस घरी बसून पाहिला.

आणि आता या गोष्टीतली गंमत सांगतो. 2021च्या उन्हाळ्यात असोसिएशनने खालच्या विभागांची फेरमांडणी केली, तेव्हा वर कोणाला न्यायचे हे ठरवण्यासाठी आकडे हवेच होते. दोन्ही अर्धवट हंगामांतील सामने एकत्र घेऊन प्रत्येक संघाची सरासरी काढण्यात आली. रद्दबातल ठरवलेले निकाल कपाटातून पुन्हा बाहेर आले आणि त्या हिशोबावर हेबर्न टाउन आठव्या पायरीवर गेला.

नमस्कार.