दापोलीचा सल्ला सोलापूरच्या मातीला चालेल का?

नमस्कार मंडळी! ही बघा माझी जास्वंद, थांबा जरा कॅमेरा जवळ आणते... शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, दिसतंय? झालं असं की कोकणातल्या एका ताईंच्या व्हिडिओत मातीत चुना घाला म्हणून सांगितलं होतं, मी पण घातला, आणि झाड असं झालं.

आता त्या ताईंचं काही चुकलं नाही हं. तिकडची जांभ्याची माती, धो धो पावसात त्यातला चुना धुऊन जातो, माती आंबट होते, तिथे चुना घालावाच लागतो. आमच्या सोलापुरात पाऊस कमी, काळी माती, तिच्यात चुनखडी आधीच भरपूर, त्यामुळे मातीत लोह असलं तरी मुळांना ते घेता येत नाही आणि मी त्यात अजून चुना ओतला. फार वाईट वाटलं, खरंच.

म्हणून आधी माती ओळखा. वाळलेली चमचाभर माती घ्या, वर थोडं व्हिनेगर टाका, बुडबुडे आले की समजा चुनखडी आहे.

मग विचारायचं कुणाला? कोकणासाठी दापोली, विदर्भासाठी अकोला, मराठवाड्यासाठी परभणी, आणि पश्चिम महाराष्ट्र, खानदेशासाठी राहुरी, अशी आपली चार कृषी विद्यापीठं आहेत, आणि जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्र असतंच, तिथे जा, फक्त शेतकऱ्यांसाठीच आहे म्हणून लाजू नका. किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा नंबर टोल फ्री आहे, सकाळी 6 ते रात्री 10, मराठीत बोलतात. पण फोनवर नुसतं "पानं पिवळी पडलीत" म्हणू नका, तालुका सांगा, कुंडी की जमीन, पाणी नळाचं की बोअरचं, कारण बोअरच्या जड पाण्यानंही माती बिघडते.

माती तपासायला देताना एकाच जागची उचलू नका, पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल खणून घ्या, एकत्र करा, सावलीत वाळवा, मग त्यातली अर्धा किलो कापडी पिशवीत भरून सोबत नाव-गावाची चिठ्ठी. नुकतंच खत टाकलं असेल तर थांबा थोडं.

आणि शेजारच्या गल्लीत कुणाची बाग छान असेल ना तर बेल वाजवा, आमच्या कोपऱ्यावरच्या आजींकडे त्याच मातीत मोगरा भरभरून फुलतोय, मी आता त्यांच्याकडेच निघालेय, येताय?