गांधीलमाश्यांची गुणगुण

22 नोव्हेंबर 2008. सायप्रसमधलं लिमासोल. मधमाश्यांच्या वेषातली तीन चिमुरडी मंचावर येतात आणि गाऊ लागतात. शब्द कुठल्याच भाषेतले नाहीत, नुसतं गुणगुणणं. त्यांच्या चमूचं नाव ‘ब्झिकेबी’, म्हणजे गांधीलमाश्या. देश जॉर्जिया. रशियाशी पाच दिवसांचं युद्ध होऊन जेमतेम साडेतीन महिने झालेले.

त्या रात्री ज्युनियर युरोव्हिजन, म्हणजे युरोपातल्या देशांची लहान मुलांसाठीची गाण्याची स्पर्धा, जिंकली ती या पोरांनी. स्पर्धेत उतरायचं देशाचं हे दुसरंच वर्ष!

मोठ्यांच्या युरोव्हिजनमध्ये मात्र जॉर्जिया नवव्या क्रमांकाच्या वर कधी गेला नाही. 40 लाखांच्या आत लोकसंख्या. मग पोरांनाच हे कसं जमतं?

थोडं जॉर्जियातल्या गावाकडे जाऊन ऐकू या. आपल्या कानांना तानपुऱ्यावर एकच गळा ऐकायची सवय. इथे जेवणाच्या पंगतीत तीन आवाज तीन वेगळ्या वाटांनी चालतात. खालच्या खर्जाला म्हणतात ‘बानी’. पश्चिमेकडच्या गुरिया प्रांतात सर्वांत वरचा आवाज तर असा उड्या मारतो, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसूच येतं. या बहुस्वरी गाण्याला 2001 मध्ये युनेस्कोने गौरवलं. त्यातलं एक गाणं 1977 पासून नासाच्या व्हॉयेजर यानांवरून अंतराळात फिरतं आहे. शेजारी वेगळंच काही गात असताना आपला सूर सोडायचा नाही, हे ज्या घरात लहानपणापासून कानावर पडतं, तिथलं पोर मंचावर सहसा बिचकत नसावं. हा माझा अंदाज.

2011 मध्ये आर्मेनियातल्या येरेवानला दुसरा विजय. 2016 मध्ये माल्टात मरियम ममादाश्विली सूर्याला साद घालत जिंकली, आणि पुढच्या वर्षी स्पर्धाच जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीला आली.

मधल्या काळात मोठ्यांनी काय केलं? 2009 ची मोठी स्पर्धा मॉस्कोत होती. जॉर्जियाच्या गाण्यात पुतिन यांच्या नावावर कोटी होती. आयोजक म्हणाले, शब्द बदला. जॉर्जियाने स्पर्धाच सोडली.

तिबिलिसीत, 2017 च्या नोव्हेंबरात, घरच्या प्रेक्षकांसमोर जॉर्जियाचा मुलगा दुसरा आला. 185 गुण. पहिली आली रशियाची मुलगी. 188 गुण.

चौथा विजय मिळाला तो 2024 मध्ये, माद्रिदला. आन्द्रिया पुतकारादझेचं ते गाणं आईसाठी होतं.