विली लोमनला काय दिसलं नाही

मंडळी, आर्थर मिलरच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ या नाटकाबद्दल बोलायचं म्हटलं की लोक भांडवलशाहीपासून सुरुवात करतात. मी एका अंत्ययात्रेपासून करतो.

डेव्ह सिंगलमन हा म्हातारा विक्रेता रंगमंचावर येतच नाही, नाटकाचा नायक, विक्रेताच असलेल्या विली लोमनच्या तोंडूनच तो आपल्याला कळतो. वय ८४. हॉटेलच्या खोलीत हिरव्या मखमली सपाता घालून बसायचा, टेलिफोन उचलायचा आणि जागचं न हलता माल विकायचा. तो गेला तेव्हा शेकडो विक्रेते आणि खरेदीदार अंत्ययात्रेला जमले. धंदा करावा तर हाच, हे विलीच्या मनात त्याच्याकडे बघून पक्कं झालं.

आता बघा, ८४व्या वर्षीही या माणसाचं पोट त्या टेलिफोनवरच होतं, आणि मरण आलं ते बॉस्टनला जाणाऱ्या रेल्वेत. हे सगळं विली स्वतः सांगतो, पण त्याला ते दिसत नाही. त्याला दिसते फक्त गर्दी! माणूस लोकांना आवडला की झालं, बाकीचं आपोआप येतं, ही त्याची यशाची कल्पना. मुलांनाही त्यानं तेच पाजलं. थोरला बिफ फुटबॉलचा हिरो, मग गणिताचं काय एवढं? शेजारच्या चार्लीचा बर्नार्ड अभ्यासू, म्हणून विलीच्या लेखी बिचारा. पुढे हाच बर्नार्ड सुप्रीम कोर्टात खटला चालवायला निघतो आणि विलीजवळ त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. विली चकित होतो. चार्ली म्हणतो, त्याला सांगायची गरजच काय, तो करणारच आहे. माझ्या मते नाटकातली सर्वांत निर्दय जागा हीच. मालक हॉवर्ड विलीला नोकरीवरून काढतो ती नव्हे.

विली काय विकतो हे मिलर शेवटपर्यंत सांगत नाही. त्यानं हातानं काय बांधलं, हे मात्र सांगतो. ब्रुकलिनच्या घराच्या पायऱ्या बापानं स्वतः केल्या. त्यानं विकलेल्या सगळ्या मालापेक्षा त्या पायऱ्यांत तो जास्त आहे, असं बिफ म्हणतो. सिमेंट हाताशी असलं की विली सुखी असायचा. पण त्या सुखाला त्यानं यश मानलं नाही. चार्लीकडून दर आठवड्याला ५० डॉलर उसने घेईल, त्यानं देऊ केलेली नोकरी घेणार नाही.

असा माणूस शोकांतिकेचा नायक होऊ शकतो का, हा वाद १९४९ साली नाटक रंगमंचावर आलं तेव्हाच झाला. सामान्य माणूसही नायक होऊ शकतो, असा लेख मिलरनं त्याच फेब्रुवारीत ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये लिहिला. माझी अडचण विलीच्या हुद्द्याची नाही. ग्रीक शोकांतिकेतल्या ईडिपस राजाला अखेरीस आपली चूक कळते. विलीला कळत नाही. कळतं ते बिफला. मी कोणी मोठा नाही आणि तुम्हीही नाही, असं तो बापाला सांगतो आणि त्याच्या गळ्यात पडून रडतो. विली त्यातून एवढंच घेतो, की पोराला मी आवडतो. मग अशा पोराच्या हाती आपल्या विम्याचे २०,००० डॉलर पडले तर! तो मरायला गाडी काढतो.

विलीच्या अंत्ययात्रेला बायको, दोन मुलगे, चार्ली आणि बर्नार्ड. घराचा शेवटचा हप्ता त्याच दिवशी फिटलेला. विम्याचे पैसे मिळाले की नाही, हे नाटक सांगत नाही.