आधी गाव पायी फिरा, मग भिंतीला हात लावा

नमस्कार. ‘जुन्या, वाढत्या गावात राहायला जाताना’ असा आजचा विषय आहे. त्यावर मी बोलणारच आहे, पण पॅट्रिक गेडीस यांच्याबद्दल आधी सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

गेडीस स्कॉटलंडचे, मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार झाले. एडिंबरोमधली पैसेवाली मंडळी जुनं शहर सोडून शेजारच्या सरळ रस्त्यांच्या नव्या वस्तीत कधीच निघून गेली होती. १८८६ साली लग्न झाल्यावर लवकरच गेडीस आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅना उलट दिशेनं गेले. त्यांनी जुन्या शहरातल्या जेम्स कोर्ट या गर्दीच्या, कळकट आवारात बिऱ्हाड थाटलं. शेजाऱ्यांबरोबर झाडलोट केली, भिंती रंगवल्या, मोकळ्या कोपऱ्यांत झाडं लावली. जुन्या ठिकाणी राहायला जाणं म्हणजे काय, हे मला यापेक्षा चांगलं कुणी दाखवलेलं नाही.

हेच गेडीस १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवू लागले. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांना परदेशी शिकायला पाठवण्यात त्यांचा हात होता, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आता इंदूर, माझी सर्वांत आवडती गोष्ट. साल १९१७, शहरात प्लेगची दहशत. गेडीस हातात नकाशे घेऊन गल्लीबोळांतून हिंडायचे आणि लोकांना वाटायचं, हा साहेब आपली घरं पाडायला आलाय. मग त्यांनी काय करावं? एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेतला! होळकर दरबारानं तो दिलाही. त्यांनी जाहीर केलं की दिवाळीत मोठी मिरवणूक निघेल, पण नेहमीच्या रस्त्यानं नाही. ज्या भागातली घरं सर्वांत जास्त झाडून, दुरुस्त करून तयार असतील, तिथून ती जाईल. मग काय विचारता! घराघरांतून कचरा निघू लागला. मिरवणुकीत प्लेगचा अवाढव्य उंदीर होता, अंगावर पिसवांसकट. (हशा) हसा, इंदूरची पोरंही नक्की हसली असतील. पण उंदीर आणि पिसू यांचा प्लेगशी असलेला संबंध त्या दिवशी रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळला. शेवटी तुळशीची रोपं वाटली. आधी निदान, मग उपचार, हा त्यांचा आग्रह होता. सरसकट पाडापाडी करण्याऐवजी नेमकी तेवढीच जागा मोकळी करायची.

मला राग येतो तो याच्या उलट वागणाऱ्यांचा. गाव जुनं आहे म्हणून भाळून येतात, आणि सामान उतरवायच्या आत गल्ली रुंद करा म्हणून अर्ज लिहितात. ज्या वळणामुळे घर आवडलं, तेच वळण यांना गाडीच्या आड येतं!

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली आहेत. तर मूळ विषय भरभर सांगतो.

भिंत. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं. त्याआधीची भिंत असेल तर तिच्या मूळ बांधकामात ते असणं शक्यच नाही, बहुधा चुना किंवा माती असेल. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, पण सच्छिद्र राहतो, म्हणून ओल बाहेर पडते. त्यावर सिमेंटचा गिलावा केलात की ओल आत कोंडते, क्षार साचतात, विटांचे पापुद्रे सुटतात. आणि मग माणसं म्हणतात, जुनं बांधकामच कच्चं.

पाणी. जैसलमेरचा किल्ला बाराव्या शतकातला, आजही त्यात वस्ती आहे. पर्यटक वाढले, हॉटेलं झाली, नळाचं पाणी आलं. कोरड्या प्रदेशातल्या त्या बांधकामाच्या पायात सांडपाणी मुरलं आणि तटाचे भाग ढासळले. गाव वाढतं तेव्हा पाणी येतं कुठून यापेक्षा जातं कुठे, हे आधी विचारा. नवं न्हाणीघर काढण्यापूर्वी तर नक्कीच.

शेजार. निदान सगळे ऋतू पाहून होईपर्यंत काही पाडू नका. गळती, तातडीची डागडुजी करायचीच. पण ओल कुठून चढते, ऊन कुठे येतं, पाणी कुठे तुंबतं, हे शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना पाठ असतं. त्यांना विचारा.

परवानग्या आणि कागदपत्रं राहिली, ती प्रश्नोत्तरांत घेऊ. चुन्याच्या गिलाव्याबद्दल ज्यांना विचारायचंय, त्यांनी आधी हात वर करा.