मुक्कामाआधीचा मुक्काम

(पहाट. धुक्यातला जलाशय, काठावर दोन तंबू.)

बामणोली. शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या काठावर दोन तंबू उभे आहेत, पण आत मुलं नाहीत. झोपलेत ते साताऱ्यातल्या एका शाळेचे सर आणि बाई. पंधरा दिवसांनी सातवीची चाळीस मुलं इथे दोन रात्री राहणार आहेत. ज्या जागी आपण स्वतः झोपलो नाही, तिथे दुसऱ्याचं लेकरू झोपवायचं नाही, असं या शिक्षकांनी ठरवलंय.

बाईंच्या वहीत रात्रीची नोंद आहे. शौचालय तंबूपासून ७२ पावलं, वाटेत दिवा नाही. फोनला रेंज नाही, ती मिळते थेट वरच्या वळणावर. म्हणजे १०८ ला फोन करायचा तर तिथवर जावं लागणार. त्यासाठी एक जीप रात्रभर इथेच थांबेल, तोंड रस्त्याकडे करून.

(काठावरचा भेगाळलेला गाळ. सरांच्या हातात काठी.)

कोयना धरणाचं पाणी उतरत जातं, तसा हा काठ उघडा पडतो. वरून पार वाळलेला दिसतो. सर काठी टेकवतात. वीतभर कडक लागतं, आणि मग काठी सरसर हातभर आत जाते. विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलाचाही पाय इथे रुतला, तर त्याचं पोहणं काय कामाचं? म्हणून दोर बांधायचा तो पाण्याच्या कडेला नाही, गाळाच्याही अलीकडे.

सापांची माहिती मुलांना आधीच दिली जाईल. दगड उचलायचा नाही, खाली फुरसं असू शकतं. बूट झटकून घालायचे. पण खरी काळजी मण्यारीची. ती रात्री जमिनीवरच्या अंथरुणात शिरते आणि तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. सकाळी एखादं मूल म्हणालं, "पोट दुखतंय, डोळे उघडत नाहीत," तर झोप झाली नसेल म्हणून सोडून द्यायचं नाही. आवळपट्टी नको, चिरा नको. मुलाला चालू न देता गाडीत घालून थेट रुग्णालय गाठायचं. प्रतिविष कुठे शिल्लक आहे, ते सरांनी आधीच विचारून ठेवलंय.

(शाळा. टेबलावर पालकांनी भरून दिलेले फॉर्म.)

दमा, फिट, ॲलर्जी, सगळं फॉर्मवर आहे. एका आईने मात्र तो रकाना कोरा ठेवला आणि संध्याकाळी फोन केला. "बाई, तो अजून अंथरूण ओलं करतो. पोरांना कळू देऊ नका."

बाईंनी स्वतःच्या पिशवीत एक चादर आणि एक पायजमा जास्तीचा ठेवलाय. वहीत त्याची नोंद केलेली नाही.