यंत्र बदलण्याआधी

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय : ‘प्रोग्रॅमेबल मेटल डिटेक्टर घ्यावा का?’ म्हणजे जमिनीतला धातू शोधणारं असं यंत्र, ज्याची सेटिंग आपण बदलून प्रोग्रॅम म्हणून साठवू शकतो. उत्तर देणार आहे. पण त्याआधी १८८१ सालच्या वॉशिंग्टनला जाऊन यायचंय. ज्यांना नुसतं उत्तर हवंय त्यांनी खुशाल डुलकी काढावी, शेवटी उठवतो. (हशा)

२ जुलै १८८१. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. एक गोळी अंगातच राहिली आणि ती नेमकी कुठे आहे ते कळेना. क्ष-किरण सापडायला अजून चौदा वर्षं होती. तेव्हा टेलिफोनवाले ग्रॅहम बेल आपलं ‘इंडक्शन बॅलन्स’ घेऊन पुढे आले. दोन कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, अशा बसवायच्या की एकीतल्या प्रवाहाचा दुसरीत मागमूस लागू नये. जवळ धातू आला की हा तोल ढळतो आणि कानाला लावलेल्या रिसीव्हरमध्ये आवाज येतो. तुमच्या हातातल्या यंत्राच्या कॉइलमध्ये आजही हेच चालतं. अंगात जुन्या गोळ्या घेऊन जगणाऱ्या सैनिकांवर बेलनी आधी चाचण्या घेतल्या होत्या. यंत्र चालत होतं.

२६ जुलैला ते अध्यक्षांवर फिरवलं, तर नुसती चरचर. मागाहून लक्षात आलं की कंडेन्सर एकाच बाजूला जोडला गेला होता. १ ऑगस्टला जोडणी दुरुस्त करून पुन्हा प्रयत्न झाला. या वेळी आवाज आला, पण एका जागी नाही, भल्यामोठ्या भागावर. नंतर बेलना कळलं की अध्यक्षांच्या अंगाखालच्या गादीत पोलादी तारा होत्या. त्यातून अध्यक्षांचे डॉक्टर ब्लिस यांची ठाम समजूत होती की गोळी उजवीकडे आहे, त्यामुळे शोधही उजवीकडेच. १९ सप्टेंबरला अध्यक्ष गेले. शवविच्छेदनात गोळी सापडली मणक्याच्या डाव्या बाजूला.

आता बघा, यंत्रामागचं तत्त्व अगदी बरोबर होतं. चुकलं ते तीन ठिकाणी : जुळवणी, आजूबाजूचं लोखंड आणि शोधायची जागा. बेलना दुप्पट ताकदीचं यंत्र दिलं असतं तर गादी दुप्पट वाजली असती, एवढंच. तुमचं सध्याचं यंत्र ‘काही देत नाही’ असं तुम्ही म्हणता, तेव्हा बहुतेक वेळा याच तिघांपैकी कुणीतरी आडवं आलेलं असतं.

जुळवणीपासून सुरुवात करू. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीतल्या खनिजांना यंत्राने दाद देऊ नये म्हणून केलेली जुळवणी, करताना जागा धातूमुक्त हवी. आधी कॉइल फिरवून खात्री करा, मग ती जमिनीपासून एक-दोन इंचांपासून सहा-आठ इंचांपर्यंत वरखाली करत राहा. खालीवर जाताना आवाज सारखा झाला की बॅलन्स जमला. जमीन बदलली की पुन्हा करा. पुष्कळ जण सकाळी एकदा करतात आणि संध्याकाळपर्यंत तोच चालवतात. सेन्सिटिव्हिटीचं, म्हणजे यंत्र किती बारीक संकेत टिपतं त्या आकड्याचंही तसंच. आकडा शेवटच्या टोकाला नेला म्हणजे खोली वाढते, हा समज कुठून आला देव जाणे. यंत्र उगाच बडबडायला लागलं की एकेक पायरी खाली या. जवळ वीजवाहिनी असेल तर आधी फ्रीक्वेन्सी किंवा चॅनल बदलून बघा. कॉइल जमिनीलगत आणि समांतर ठेवा. झोक्याच्या टोकांना ती वर उचलली जाते आणि तिथली खोली फुकट जाते. डीडी कॉइल (‘डी’ आकाराची दोन वेटोळी एकमेकांवर चढवलेली) खाली साधारण पात्यासारखी बघते, कॉन्सेंट्रिक (एकात एक गोल वेटोळी) शंकूसारखी, टोक खाली. म्हणून कॉन्सेंट्रिक असेल तर प्रत्येक झोका आधीच्या झोक्यावर निम्मा तरी चढवा, नाहीतर खोलवर पट्टेच्या पट्टे न बघता सुटतात.

खोलीचा विषय निघालाच आहे तर जाहिरातींबद्दल बोलतो. ही माझी जुनी तक्रार आहे, ज्यांनी आधी ऐकलीय त्यांनी सोसावी. कॉइलचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाने विरळ होत जातं आणि नाण्याकडून परत येणारा संकेतही तसाच. म्हणजे लहान वस्तूचा संकेत अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. दुप्पट खोलीला चौसष्टपट संकेत लागतो! यंत्राची ताकद नुसती दुप्पट केली तर खोली वाढते सुमारे बारा टक्के. आठ इंचांवर सापडणारं नाणं नऊ इंचांवर सापडेल. एका इंचासाठी किती मोजायचे ते ज्याचं त्यानं ठरवावं. तेवढी खोली बहुधा मोठ्या कॉइलनेही मिळते, फक्त कचऱ्याच्या जागी ती दोन वस्तू एकच समजते.

आणि दुसऱ्याचे प्रोग्रॅम उतरवून घेणारे! कुणीतरी ओल्या, लोहयुक्त जमिनीवर बसवलेले आकडे तुम्ही कोरड्या वाळूत वापरायचे, म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा लावून त्याच्या नंबराला नावं ठेवायची. कारखान्याच्या मूळ सेटिंगवर या, एका वेळी एकच गोष्ट बदला, तोच संकेत पुन्हा ऐका आणि वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही.

(आयोजकांची चिठ्ठी) सात मिनिटं? बरं. डुलकीवाल्यांना उठवा.

प्रोग्रॅमेबल यंत्र खरोखर काय जास्त देतं? पहिलं, फ्रीक्वेन्सी. तांबं-चांदीसारखे चांगले वाहक आणि मोठ्या वस्तू कमी फ्रीक्वेन्सीला नीट बोलतात. सोन्याचे बारीक कण, पातळ तुकडे जास्त फ्रीक्वेन्सीला. मायनलॅब कंपनीच्या इक्विनॉक्स ६०० मध्ये मूळच्या एकेरी फ्रीक्वेन्सी ५, १० आणि १५ किलोहर्ट्झ, ८०० मध्ये शिवाय २० आणि ४०. बारीक सोनं शोधायचं नसेल तर त्या दोन आकड्यांसाठी पैसे घालू नका. खाऱ्या ओल्या वाळूत मात्र एकाच फ्रीक्वेन्सीचं यंत्र हैराण करतं. तिथे अनेक फ्रीक्वेन्सींवर एकदम चालणारं हवंच.

दुसरं, रिकव्हरी स्पीड, म्हणजे एका संकेतानंतर पुढचा ऐकायला यंत्र किती लवकर तयार होतं ते. खिळ्याशेजारी नाणं असेल तर मंद यंत्र खिळा ऐकून गप्प होतं. गती वाढवली की दोन्ही वेगळे ऐकू येतात, थोडी खोली जाते. ६०० मध्ये तीनच पायऱ्या आहेत, ८०० मध्ये आठ. गंजक्या लोखंडाने भरलेल्या जागेत हा फरक खोलीपेक्षा कितीतरी मोलाचा. यंत्र प्रत्येक धातूला पडद्यावर एक आकडा देतं. नॉच ठेवून, म्हणजे नको ते आकडे गप्प करून, गाळणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावं : सोन्याची अंगठी आणि डब्याची ॲल्युमिनियमची कडी पडद्यावर एकाच आकड्याला येऊ शकतात. कडी गाळलीत, अंगठी गेली.

तिसरं, हेडफोन. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज दीडशे मिलिसेकंद सहज मागे पडतो. सेकंदाला मीटर या वेगाने कॉइल फिरत असेल तर तुम्ही पंधरा सेंटीमीटर बाजूला खणता. एकतर यंत्राचा स्वतःचा कमी विलंबाचा वायरलेस हवा, नाहीतर वायर लावा.

घ्यायचं की नाही, याची परीक्षा अशी. हवेत नाणं धरून तपासू नका. हवेत जमीन नसते. नाणं ताजं पुरूनही नको, उकरलेली माती वेगळी वागते. ज्याच्याकडे नवं यंत्र आहे त्याच्याबरोबर परवानगीच्या जागी जा. जुन्या यंत्राने दहा-बारा अडखळते संकेत शोधा, खुणा करा, खणू नका. मग नवं फिरवा आणि प्रत्येक संकेतावर, खणण्याआधी, ‘खणू’ की ‘सोडू’ ते दोन्ही यंत्रांसाठी लिहा. त्यानंतर सगळे खणा. उलटही करा : नव्याने शोधायचे, जुन्याने तपासायचे. निर्णय बदललाच नाही तर पैसे ठेवा, लहान कॉइल आणि बरा पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तू नेमकी कुठे ते सांगणारं हातातलं छोटं यंत्र) घ्या. लोखंडातल्या जागी निर्णय वारंवार बदलला आणि तो बरोबर निघाला, तर घ्या.

वापरलेलं घेत असाल तर केबल कॉइलजवळ हलवून बघा, कॉइलवर बोटाने टकटक करा. त्याने आवाज फुटला तर आत तार सुटलेली आहे किंवा पाणी शिरलंय. बॅटरी पूर्ण भरून किती तास टिकते ते विचारा, सॉफ्टवेअर अद्ययावत करून घ्या आणि जुनं यंत्र निदान एक हंगाम विकू नका. झालं, प्रश्न घेऊ.