रिकामी गव्हाण: नाताळगोठ्याची गोष्ट

इटलीतलं ग्रेच्चो. रिएतीच्या खोऱ्यात डोंगराला चिकटून बसलेलं छोटंसं गाव. साल १२२३, नाताळची रात्र, आणि आसपासची माणसं मशाली, मेणबत्त्या घेऊन डोंगर चढतायत, कारण असिसी गावच्या फ्रान्सिस या ख्रिस्ती साधूने सगळ्यांना बोलावलंय.

वर काय मांडलं होतं? एक गव्हाण, त्यात वाळलेलं गवत, शेजारी जिवंत बैल आणि गाढव. बस. मूर्ती वगैरे काही नाही.

पंधरा दिवस आधीच फ्रान्सिसने जोव्हान्नी नावाच्या ओळखीच्या माणसाला ही तयारी करायला सांगितली होती, बेथलेहेममध्ये बाळ येशू गवतावर कसा निजला असेल ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. आता विचार करा, तेव्हा चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, लॅटिनमध्ये, शेतकरी-मेंढपाळांना त्यातलं कितीसं कळणार, पण गव्हाण कळते ना, जनावरांच्या अंगाचा वास कळतो. मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं.

आणि हो, बायबलमधल्या जन्मकथेत बैल-गाढव नाहीतच बरं का! ते आलेत जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या एका ओळीतून, बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव धन्याची गव्हाण.

पुढे १८व्या शतकात नेपल्सच्या कारागिरांनी बाळाभोवती अख्खा बाजारच उभा केला, मासेवाले, फळवाले, खानावळी, सगळं आपल्या शहरातलं. तिथल्या सान ग्रेगोरिओ आर्मेनो गल्लीत आजही या मूर्ती बनतात. फ्रान्समध्ये क्रांतीच्या काळात चर्चं बंद पडली, तर मार्सेयच्या जाँ-लुई लान्येलने साच्यातून मातीच्या छोट्या स्वस्त मूर्ती काढल्या, म्हणजे साध्या माणसालाही घरातच गोठा मांडता यावा. त्यांना सांतों म्हणतात, म्हणजे छोटे संत, पण त्यात पाववाला असतो, कोळीण असते, पिठाच्या गिरणीवाला पण असतो. प्रत्येक गावाने त्या बाळाला आपल्याच गल्लीत जन्माला घातलं.

आपल्या वसईतही तेच. नाताळ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण गोठा मात्र पक्का इथला. डिसेंबरात पोरं रात्र रात्र जागून नाताळगोठे उभारतात, पेंढा, बांबू, विहीर, बैलगाडी, कौलारू घर. मरीया, योसेफ, मेंढपाळ, सगळे आपापल्या जागी बसतात, लाइटिंग होतं. बाळाची मूर्ती मात्र बऱ्याच ठिकाणी २४ तारखेच्या रात्रीच्या मिस्सेपर्यंत ठेवतच नाहीत. तोवर गव्हाणीत नुसतं गवत, ग्रेच्चोसारखं.